हॅशटॅग कुणासाठी असतो?

तर मंडळी, हॅशटॅग बघून कुणी आपलं मत फिरवतो असं मला तरी वाटत नाही, तो आपल्याच घरच्यांसाठी असतो. २०१९ चा मार्च आठवा. राहुल गांधी राफेल विमानांच्या खरेदीवरून मोदींना उद्देशून प्रत्येक सभेत 'चौकीदार चोर है' म्हणवून घेत होते, लोकही साथ देत होते. १६ मार्चला मोदींनी तोच शब्द उचलला, #मैंभीचौकीदार, दुसऱ्या दिवशी ट्विटरवर स्वतःच्या नावाआधी चौकीदार लावलं, मग अमित शहा, पियूष गोयल, आणि बघता बघता साधा कार्यकर्ता पण चौकीदार! म्हणजे समोरच्याने हाणलेली शिवी यांनी बिल्ला करून छातीवर लावली. आणि यात पक्षाला फुकटात काय मिळालं, तर आपला माणूस कोण हे त्याच्या नावावरूनच कळायला लागलं, आणि काठावर बसलेल्याला पण वाटलं की च्यायला, आजूबाजूचे सगळे लावतायत, आपणच मागे का.

ट्रेंड कसा बनतो ते पण सांगतो. ठरलेल्या वेळेला ग्रुपवर फाईल पडते, त्यात ट्विट तयारच असतात, आपण फक्त कॉपी-पेस्ट करायचं, वाचायची तसदी पण घ्यायची नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत बातम्यांची सत्यता तपासणाऱ्या ऑल्टन्यूजच्या प्रतीक सिन्हांनी काय केलं, भाजपच्या अशाच एका उघड्या पडलेल्या गूगल डॉकमध्ये शिरून मजकूरच बदलला, आणि मध्यमवर्गाच्या विकासाला मोदींच्या कामात जवळजवळ स्थान नाही अशा अर्थाचं ट्विट चक्क केंद्रीय मंत्री पोन राधाकृष्णन यांच्या हँडलवरून पडलं! (हशा) हसू नका, बाकीचे पक्ष पण यातलेच, फक्त त्यांची फाईल सापडली नाही.

आता म्हणाल, २०१९ ला भाजपच्या ३०३ जागा आल्या की. आल्या, पण मग २०२४ चं काय? मार्चमध्ये लालूंनी पाटण्यात मोदींना कुटुंबावरून टोमणा मारला, लगेच 'मोदी का परिवार' सगळ्यांच्या नावापुढे. डाव तोच, शिस्त तीच, आणि जागा २४०. ११ जूनला मोदींनीच सांगितलं की आता ते काढून टाका.

आपल्याकडे महाराष्ट्रात तर उलटी गंमत. 'पन्नास खोके, एकदम ओके' ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी घुमवलं, म्हणजे शिंदेंसोबत फुटलेल्या आमदारांनी पन्नास-पन्नास कोटी घेतले असा टोमणा, ते पोराटोरांच्या तोंडी बसलं, हॅशटॅग मागून आला. २०२४ च्या लोकसभेला विरोधातल्या महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा घेतल्या तेव्हा वाटलं खोक्यांनी काम केलं. सहा महिन्यांत विधानसभा, घोषणा तीच, आणि आघाडी २८८ पैकी कशीबशी पन्नाशीच्या आसपास. तोवर लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याचे १५०० पडायला लागले होते, त्याला कुठला हॅशटॅग पुरा पडणार होता सांगा.