बंब परसात होता तोवर

(निफाड तालुक्यातल्या एका गावात, ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे आंघोळीचं पाणी तापतं तोही बंब आणि आग विझवायला येतो तोही बंब. मी नोकरीला लागलो तेव्हा आजीने विचारलं होतं, "तुझ्या बंबात किती बादल्या मावतात रे?" तिच्या डोळ्यांसमोर आमचा तांब्याचा बंब होता. तो परसात असायचा. लाकडं, चिपाडं, धूर, राख सगळं बाहेर, आणि घरात यायचं ते फक्त गरम पाणी. कुणी सुरक्षिततेचा विचार करून तो तिथे ठेवला नव्हता, डोळे चुरचुरायचे म्हणून ठेवला होता. आता परस गेलं आणि जाळ घरात आला. घरही पूर्वीचं राहिलं नाही. कौलारू घराला शंभर फटी असायच्या, त्यातून धूर निघून जायचा. आजच्या स्लॅबच्या खोलीला सरकत्या काचांच्या खिडक्या, आणि थंडी वाजते म्हणून दाराखालच्या फटीत आपण पोतं कोंबतो.

इथली थंडी मी तुम्हाला काय सांगणार! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा कडाक्याच्या दिवसांत ५ अंशांच्याही खाली जातो. तेव्हा तुम्ही द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवता, मणी तडकू नयेत म्हणून. बाग उघडी असते, तिथे चालतं. पण पहाटे त्याच शेकोटीतले निखारे घमेल्यात भरून म्हाताऱ्या माणसाच्या खाटेजवळ आणून ठेवतात, तिथे मला बोलायचंय.

लोक म्हणतात, "साहेब, धूर संपल्यावरच आत घेतली." हीच फसगत आहे. लालभडक कोळशाला धूर नसतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतं. म्हणजे माणूस श्वास घेत असतो, छाती हलत असते, आणि मेंदूला प्राणवायू पोचत नसतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते. उठावंसं वाटेपर्यंत पायांतलं बळ गेलेलं असतं. खोलीतल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. दार उघडा, माणसं बाहेर काढा, मग दवाखाना.

कोरोनात आपण सगळ्यांनी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलं. ते इथे खोटं बोलतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला प्राणवायूने भरलेलं वाटतं, म्हणून माणूस बेशुद्धीच्या काठावर असताना ते ९८ दाखवू शकतं. डॉक्टरांना एवढंच सांगा, "खोलीत शेगडी होती." त्या एका वाक्याने उपचार बदलतात. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू लावला तर साधारण तास-दीड तास.

आता मागे बसलेल्या आज्ज्यांना जरा राग येईल. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, वर ओवा-शेपाची धुरी. तुम्ही ते केलंत, तुमच्या आईने केलं, आम्ही सगळे वाढलो. मान्य. पण ती खोली आठवा. वर कौलं, दाराला फट, आणि बाजेजवळ कुणीतरी बाई सतत जागी. आज तीच शेगडी बंद बेडरूममध्ये, आणि रात्री सगळे दमून झोपलेले. शेकायचंच असेल तर दिवसा, खिडकी उघडी ठेवून, आणि शेक झाला की शेगडी बाहेर. बाळ खोलीत असताना धुरी मात्र नकोच.

विजेचा हीटर बरा का? वायूच्या दृष्टीने बरा, पण त्याची आग वेगळ्या ठिकाणी लागते. हे पाहा. हा बोर्ड मी एका विझवलेल्या घरातून आणलाय. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढतो. आपला नेहमीचा एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचा. मोठी पिन बसत नाही म्हणून मध्ये कन्व्हर्टर लावला होता, तोही सैल. घरचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बटण, होता १६ अँपिअरचा. त्याच्या लेखी पावणेनऊ म्हणजे काहीच नाही, तो कशाला पडेल? सैल सांध्यावर उष्णता साचत गेली, प्लास्टिक वितळलं आणि शेजारच्या पडद्याने पेट घेतला. हीटर स्वतः शाबूत होता! म्हणून हीटरला भिंतीतला १६ अँपिअरचा पॉइंट हवा, मधे काही नको. पाच-दहा मिनिटांनी पिनेला हात लावून बघा. चटका बसला तर हीटर बंद, आणि वायरमनला बोलवा. गादी, पडदा, वाळत टाकलेले कपडे हीटरपासून एक मीटर लांब. हीटरवर ओला टॉवेल वाळवणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याशी काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.

पाण्यात टाकायच्या रॉडचं थोडक्यात. रॉड लावला की बादलीजवळच थांबा. फोन आला, विसरलात, पाणी आटलं, की प्लास्टिकची बादलीच पेटते. गॅस गीझरमधूनही तोच कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो, म्हणून तो न्हाणीघराच्या बाहेर बसवा. ते जमत नसेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मग कडी लावा.

एका आजोबांनी चिठ्ठी पाठवलीय, "मग थंडीत आम्ही करायचं काय?" रास्त आहे. झोपण्याआधी अर्धा तास हीटर लावा, खोली तापली की पिन काढा, आणि मग अंथरुणात शिरा. पायाशी गरम पाण्याची पिशवी. आणि तुमच्या धनगरवाड्यावरची घोंगडी टोचते म्हणून माळ्यावर टाकलीत ना, ती काढा. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. नायलॉनचं मऊ ब्लँकेट मात्र वितळून कातडीला चिकटतं.

हा बोर्ड आता हातोहात पुढे द्या. नाकाजवळ नेऊन बघा. वास गेला असेल तर गेला, पण जळत असताना याला मासळीसारखा वास येतो. माळकऱ्यांच्या घरी तो लगेच कळतो, बाकीच्यांची पंचाईत! आणि फिरून झाला की मला परत द्या, पुढच्या गावाला लागतो.