मिरगाला लावा, चवथीला काढा

श्रोतेहो, नमस्कार.

यंदा मिरगाच्या तोंडावर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काकीकडे गेलो होतो. कौलारू घर पाडून चुलतभावाने तिथेच स्लॅबचे घर बांधलेय. खाली टाइल्स, खिडक्यांना सरकत्या काचा, निजायच्या खोलीत एसी. मी खिशातून प्लास्टिकची एक डबी काढली आणि मच्छरदाणीच्या खिळ्याला टांगू लागलो.

"हे कसले रे? पालींचे औषध?"

"नाही काकी. रेडॉन नावाचा वायू मोजायचाय."

"वास येतो त्याला?"

"नाही."

"दिसतो?"

"नाही."

"मग आहे कशावरून?"

प्रश्न रास्त आहे. दगडमातीत युरेनियम थोडेफार सगळीकडेच असते. त्याचे विघटन होत होत रेडियम बनते आणि रेडियममधून हा वायू सुटतो. 3.8 दिवसांत तो निम्मा उरतो. पण तेवढ्यात फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरायला त्याला भरपूर वेळ मिळतो. डबीत नखाएवढी फिल्म असते. रेडॉनचा अणू फुटून निघालेला अल्फा कण आदळला की तिच्यावर ओरखडा उठतो. पुढे प्रयोगशाळेत ती कॉस्टिक सोड्यात बुडवतात, ओरखडे रुंदावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजता येतात. काकीला म्हटले, उंदीर दिसला नाही तरी कुरतडलेले दिसतेच ना, तसेच हे.

भीती कशाची, तर फुप्फुसाच्या कर्करोगाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी 3 ते 14 जणांच्या आजारामागे रेडॉन असतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे 25 पट. तेव्हा डबीचे नंतर बघू, आधी विडी सोडा, असे मी चुलतभावाला तिथेच सुनावले.

आता पावसाचे. बाहेरची माती चिंब भिजली की वायूची वर यायची वाट बंद होते. घराखालची माती तेवढी कोरडी राहते. मग तो तिथून वर येतो, आणि आपण नेमक्या त्याच दिवसांत झड आत येते म्हणून खिडक्या लावून बसतो. म्हणून म्हणतो, डबी मिरगाला लावा, चवथीला काढा. साधारण तीन महिने होतात. जागा निजायच्या खोलीतली, खिडकी-पंख्यापासून दूर.

जुन्या घराचे गोडवे मी गाणार नाही. शेणाने सारवलेली जमीन काही वायू अडवत नव्हती; पण कौलांच्या फटींतून आलेला निघून तरी जायचा.

काणकोणला ग्रॅनाइट आहे, आणि ग्रॅनाइटमध्ये युरेनियम सहसा जास्त. पण तेवढ्यावरून कुणाच्या घराचा आकडा सांगता येत नाही. शेजारशेजारच्या दोन घरांतही फरक पडतो. आकडा घनमीटरला 100 बेकरेलच्या आत असावा, म्हणजे एक मीटर लांब-रुंद-उंच हवेत सेकंदाला शंभर अणू फुटतात, तेवढा. 300 च्या वर गेला तर गवंड्याला बोलवा. भेगा बुजवून घ्या. तेवढ्याने भागले नाही तर फरशीखालून पाइप काढून छपराच्या वर न्यायचा आणि त्याला छोटा पंखा बसवायचा, म्हणजे वायू घरात न येता बाहेर ओढला जातो. तोवर सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडा.

परवा काकीचा फोन आला. "तुझ्या डबीवर कोळ्याने जाळे केलेय. झाडू फिरवू?"

"नको," म्हटले, "चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधायच्या आदल्या दिवशी मीच येऊन काढतो."