लहान मुलाच्या आठवड्यातले सांधे

[हातात आठवड्याचा तक्ता. कॅमेरा जवळ.]

नमस्कार. हा माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलाचा आठवडा आहे. पाच दिवस रोज चार तास शाळा, मंगळवारी आणि गुरुवारी शाळेनंतर स्पीच थेरपी (बोलणे सुधारण्यासाठी) व ऑक्युपेशनल थेरपी (थोडक्यात ओटी; हालचाली आणि रोजची कामे जमावीत म्हणून) यांची प्रत्येकी पाऊण तासाची सेशन्स, आणि शनिवारी सर्वांनी मिळून कुठेतरी बाहेर जाणे. आठवड्याचे तास १६८. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी असे म्हटले आहे. माझा मुलगा त्या वयाच्या थोडा पुढे गेला असला तरी रोज ११ तास झोपतो, म्हणजे आठवड्याला ७७ तास. त्यात शाळेचे २० आणि थेरपीचे ३ तास मिळवले, तरी ६८ तास मोकळे उरतात. कागदावर हा आठवडा अगदी सैल दिसतो. तरीही पहिले वर्षभर दर गुरुवारी संध्याकाळी तो घराच्या दारातच जमिनीवर पडून रडत असे, आणि आम्ही दोघे पालक आज नेमके काय झाले असेल, याचा शोध घेत बसत असू.

पुष्कळ शोधूनही कारण सापडले नाही, कारण आम्ही तास मोजत होतो. एका गुरुवारी मी तास सोडून सांधे मोजले. रेल्वेगाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते त्या जागी सांधेबदल असतो आणि तेथे गाडीला वेग कमी करावा लागतो. मुलाच्या दिवसातील अशा जागांना मी तेव्हापासून सांधे म्हणते. अंथरुणातून बाथरूममध्ये. रात्रीच्या कपड्यांतून शाळेच्या कपड्यांत. घरातून गाडीत, गाडीतून फाटकाशी, आईच्या हातातून बाईंच्या हातात. वर्गातून मैदानावर आणि मैदानावरून पुन्हा वर्गात. मग फाटक, पुन्हा गाडी, थेरपी केंद्रातील बाकावर वाट पाहणे, स्पीचची खोली, ओटीची खोली, तिसऱ्यांदा गाडी आणि शेवटी घर. ही संख्या १४ भरली. त्या दिवशी त्याचा एकही तास अवघड नव्हता. अवघड होते ते हे चौदा सांधे, आणि तो रडायचा तो नेहमी चौदाव्यावर.

सांधा जड का जातो, हे समजून घेण्यासाठी विकासाच्या मानसशास्त्रातील एक साधा प्रयोग उपयोगी पडतो. फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात लहान मुलांना चित्रांची कार्डे वेगळी करायला दिली. आधी रंगाप्रमाणे कार्डे लावायची, आणि काही वेळाने नियम बदलून आकाराप्रमाणे लावायची. तीन वर्षांची बहुतेक मुले पहिला नियम नीट पाळत. नियम बदलला की मात्र ती पुन्हा रंगाप्रमाणेच लावत राहत, आणि गंमत अशी की नवा नियम काय आहे असे विचारले तर तो ती बिनचूक सांगत. पाच वर्षांच्या सुमारास बहुतेकांना हा बदल साधतो; ज्यांच्या विकासाची गती वेगळी आहे, त्यांना अधिक वेळ लागू शकतो. याचा घरगुती अर्थ असा, की “आता झोका पुरे, निघायचे आहे” हे वाक्य मुलाला समजते, ते त्याला परत म्हणूनही दाखवता येते, आणि तरीही त्याचे हात झोक्याची दोरी सोडत नाहीत. “सांगितलेले कळते, पण ऐकत नाही” असे आपण म्हणतो, तेव्हा कळणे आणि वळणे यांच्यामधले हेच अंतर आपण हट्टाच्या खात्यावर टाकत असतो.

दुसरे कारण शरीरात आहे. आपल्या प्रत्येक अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, ज्या डोक्याचे वळणे टिपतात, आणि दोन इंद्रिये असतात, जी सरळ रेषेतील गती व गुरुत्वाकर्षण टिपतात. स्नायूंतून आणि हाडांच्या सांध्यांतून येणारी जाणीव हात-पाय कुठे आहेत ते सांगते. ॲना जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने या जाणिवांची जुळणी हा आपल्या कामाचा पाया केला, आणि ओटीच्या खोलीत झोके, जाड गाद्या व रांगायचे बोगदे दिसतात ते बऱ्याच अंशी त्या विचारातून आलेले आहेत. या पद्धतीने नेमका किती फरक पडतो, याबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, आणि एखाद्या केंद्रात सर्व प्रश्नांवर झोका हेच उत्तर मिळू लागले तर पालकांनी प्रश्न विचारावेत असे माझे मत आहे. मात्र आवाज, स्पर्श किंवा उजेड काही मुलांना फार तीव्रतेने आणि काहींना फार कमी जाणवतो, हे निरीक्षण पक्के आहे. २०१३ सालच्या डीएसएम-५ या अमेरिकन मनोविकार-निदान पुस्तिकेत ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निकषांत त्याचा समावेशही झाला. माझ्या मुलाला खोलीतील गोंगाट चालतो, पण दार उघडताक्षणी एकदम अंगावर येणारा गोंगाट चालत नाही. म्हणजे सांध्यावर त्याचे मन आणि कान दोन्ही एकाच वेळी ताणले जातात.

आता आम्ही काय बदलले ते सांगते. पहिला विचार असा होता, की दोन्ही थेरपी वेगवेगळ्या दिवशी ठेवाव्यात. हिशेब केला तेव्हा लक्षात आले, की तसे केल्याने गाडी, बाक आणि घर हे सांधे आणखी दोन दिवशी वाढतील. म्हणून दिवस तेच ठेवले आणि केवळ क्रम उलटा केला: आधी ओटी, मग स्पीच. अंगमेहनत झाल्यावर तो खुर्चीवर अधिक स्वस्थ बसतो. हे सर्व मुलांना लागू पडेलच असे नाही. काही मुले झोक्यानंतर उलट अधिक उसळतात. तुमच्या मुलाचे कसे आहे, हे थेरपिस्टशी बोलून दोन-तीन आठवडे नोंद ठेवली की दिसते.

[चित्रपट्टी समोर धरून.]

दुसरा बदल ही पट्टी. एरिक शॉपलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी ‘टीच’ हा कार्यक्रम उभा केला. दिवसाचा क्रम चित्रांनी डोळ्यांसमोर ठेवण्याची रीत त्या कार्यक्रमामुळे दूरवर पोहोचली. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र मात्र जागेवर राहते. आमच्या पट्टीवर एका वेळी चारच कार्डे असतात. एक गोष्ट संपली की तो स्वतः कार्ड ओढून काढतो, वेल्क्रोचा तो चर्र आवाज होतो, आणि कार्ड ‘झाले’ लिहिलेल्या डब्यात पडते. माझा असा समज आहे की त्याला सर्वांत जास्त मदत त्या आवाजाची होते, कारण संपणे ही फार अमूर्त गोष्ट त्या क्षणी कानाला ऐकू येते. पट्टीत एक कार्ड प्रश्नचिन्हाचे आहे. थेरपिस्ट रजेवर असल्या किंवा पाऊस आला, तर ते कार्ड लागते. पण अडचणीच्या दिवसापर्यंत वाट न पाहता आम्ही ते आधी छान बदलांसाठी वापरले, म्हणजे त्या चिन्हाची धास्ती बसली नाही.

खोलीत शिकलेले घरी येत नाही, ही पालकांची नेहमीची तक्रार असते. स्टोक्स आणि बेअर या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मधील एका लेखात यावर नेमके बोट ठेवले होते: शिकवायचे, आणि ते इतरत्र आपोआप लागू होईल अशी आशा करायची, यापलीकडे पुष्कळदा काहीच केले जात नाही. स्पीचच्या खोलीत माझा मुलगा घट्ट झाकणाची बरणी पुढे सरकवून “मदत” म्हणत असे. घरी तो शब्द आठ आठवडे उमटला नाही, कारण घरी झाकण उघडायला मी त्याच्याआधी धावत असे. मग थेरपिस्टनी बरणी सोडून बूट निवडला. शाळेला निघताना मी एका बुटाचा वेल्क्रो अर्धाच लावते आणि थांबते. मनात दहापर्यंत मोजते, जे सकाळच्या घाईत फार लांब वाटते. पहिल्या आठवड्यात त्याने पाय आपटला. तिसऱ्या आठवड्यात बुटाकडे बघत, माझ्याकडे न बघता, “मद” एवढाच आवाज आला, आणि मी तो पूर्ण शब्द मानला. होम प्रोग्राम म्हणून, म्हणजे थेरपीचा घरचा सराव म्हणून, वेगळा अर्धा तास टेबलाशी बसवण्यापेक्षा असा रोज येणारा एखादा क्षण निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण त्याने आठवड्यात नवा सांधा वाढत नाही.

शनिवारच्या बाहेर जाण्याबद्दल मात्र मी बराच काळ चुकले. आम्ही मत्स्यालयात गेलो होतो. निळ्या उजेडात तो काचेला नाक लावून उभा होता आणि मी त्याच्या कानाशी विचारत होते: हा मासा कोणत्या रंगाचा, किती मासे, मोठा कोणता. चौथ्या प्रश्नाला त्याने काचेवरून नजर न हलवता आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. त्या वेळी माझ्याजवळ तिसऱ्या सेशनची पूर्ण तयारी होती आणि त्याच्याजवळ एक मासा होता. बालहक्क संहितेच्या, म्हणजे १९८९ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या, ३१ व्या कलमात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क मानलेला आहे. ज्या मुलाचे वेळापत्रक मोठी माणसे भरतात, त्याला या कलमाची गरज सर्वांत अधिक आहे, असे मला त्या तळहाताने पटवले.

आता शनिवारी एकच ठिकाण असते. आदल्या दिवशी त्या जागेच्या दाराचे आणि बाहेर पडण्याच्या वाटेचे छायाचित्र दाखवतो. निघण्याचे छायाचित्र पालक नेहमी विसरतात, आणि अडते नेमके तेथेच. तो थकण्याची वाट न पाहता, मजा शिल्लक असतानाच निघतो. महिन्यातला एक शनिवार त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीचा असतो, आणि त्या दिवशी आमच्यापैकी एक जण तिच्यासोबत एकटा जातो, कारण प्रतीक्षेच्या बाकावरचे तास तिच्याही आठवड्यातून कापले गेलेले आहेत.

आणि गुरुवार. सर्वाधिक सांध्यांच्या दिवशी चौदावा सांधा काढून टाकता येत नव्हता, म्हणून आम्ही तो लांबवला. दारातून आत येताच हात धुणे, कपडे बदलणे, दप्तर जागेवर ठेवणे, यांपैकी काहीही त्या दिवशी मागितले जात नाही. तो पायपुसण्यावर बसतो, बुटाचा वेल्क्रो उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो. कधी पाच मिनिटे, कधी पंचवीस. त्याची बहीण त्याला ओलांडून आत जाते.