बूस्टरचा पाइप

श्रोतेहो, नमस्कार.

कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाट उतरत होतो. गाडी माझी जुनी, डिझेलची टाटा सुमो. सकाळी निघताना ब्रेक छान मऊ लागत होता. निम्मा घाट उतरलो आणि पेडल दगडासारखं कडक झालं. सगळा जोर पायावर घातला तेव्हा कुठे गाडीचा वेग मोडला. गिअर उतरवत उतरवत गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. ब्रेक दाबताना पायाला व्हॅक्यूमच्या ओढीने मदत करतो तो ब्रेक बूस्टर. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागून त्या बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप मधोमध चपटा झाला होता, जणू कुणी चिमटीत धरलाय. आठवडाभरापूर्वी एका गॅरेजात इंजिनाचं काम झालं होतं. तिथे मूळ पाइपच्या जागी पाण्याचा मऊ पाइप कापून बसवला होता. गार असताना तो तग धरायचा, इंजिन तापलं की आतल्या ओढीने मिटायचा.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरचा पडदा, हवा अडवतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतच, व्हॅक्यूम तयार होतो. आपल्या जुन्या डिझेल गाड्यांत बहुधा हवा अडवलीच जात नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. सुमोत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. त्याच्याकडे तीन नळ्या दिसतील: एक बारीक, इंजिन ऑइल आणणारी, एक ऑइल परत इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये सोडणारी, आणि तिसरी व्हॅक्यूमची. ऑइल परत जाणारी नळी दुमडली किंवा तुंबली, तर ऑइल व्हॅक्यूमच्या पाइपात शिरतं, तिथून बूस्टरमध्ये जातं आणि आतला रबरी पडदा खराब करतं. म्हणून बूस्टरकडचं टोक काढलंत की आत बोट फिरवून बघाच. बोट काळं, तेलकट निघालं तर नुसता पाइप बदलून भागणार नाही.

पाइप सुटे झाले असतील आणि कुठला कुठे हे कळत नसेल, तर कृपा करून अंदाजाने जोडू नका. पंपापासून सुरुवात करा आणि बोट पाइपवरून न उचलता शेवटपर्यंत जा. वाटेत टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आला तर आधी जाड फाटा पकडा, तो बूस्टरचा. बारीक फाटा ज्या गाड्यांना ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा, आहे त्यांत तिच्या सोलेनॉइडकडे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्वकडे, जातो. घोटाळा तिथेच जास्त होतो, कारण सोलेनॉइडवर एक तोंड पंपाकडचं, एक ईजीआरकडचं आणि एक बाहेरची हवा घेणारं असतं. अदलाबदल झाली की तिथून हवा ओढली जाते आणि बूस्टरचा व्हॅक्यूमही पडतो.

बूस्टरच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व असतो, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा. तो काढून तोंडाने फुंकून बघा. बूस्टरच्या बाजूने फुंकर पार गेली पाहिजे, पंपाच्या बाजूने अडली पाहिजे. उलटा बसला तर सगळे पाइप नवे कोरे असूनही ब्रेक कडकच राहणार.

गळती शोधायला पुष्कळ जण साबणाचं पाणी लावतात. पंक्चर काढताना ते चालतं, कारण तिथे हवा बाहेर येते. इथे ती आत जाते, बुडबुडा येणारच नाही. त्यापेक्षा एकेक फाटा बंद करून व्हॅक्यूम मोजणारं गेज लावा. चांगला पंप 600 ते 700 मिलिमीटर पारा दाखवतो. मात्र हा आकडा समुद्रसपाटीजवळचा. महाबळेश्वरला, सुमारे 1350 मीटर उंचीवर, हवेचा दाबच 760 ऐवजी 645च्या आसपास असतो. तिथे काटा खाली राहिला म्हणून चांगला पंप खोलून बसू नका.

पाइप घेताना जाड भिंतीचा, आत दोऱ्याचं विणकाम असलेला, ब्रेक बूस्टरचाच मागा. दुकानदार 'हाही चालतो' म्हणाला तरी घेऊ नका.

जोडणी झाली की इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी रस्त्यावर काढू नका. आणि गेलं, तरी गाडी चांगली तापू द्या आणि बॉनेट उघडून तो पाइप पुन्हा एकदा बघा. माझा पाइप सकाळी गार असताना अगदी ठणठणीत दिसत होता.

नमस्कार.