इंटरनेटचा नकाशा कसा काढतात?

पडद्यावर एकेक ओळ उमटतेय. प्रत्येक ओळ म्हणजे डेटाच्या वाटेत लागलेला एक राउटर (डेटा पुढे धाडणारं यंत्र), शेजारी त्याच्या उत्तराला लागलेला वेळ, मिलिसेकंदांत. आता या ओळीत नुसत्या तीन चांदण्या: हा राउटर बोललाच नाही.

इंटरनेटचा संपूर्ण आराखडा कुणाकडेच नाही. हजारो नेटवर्क एकमेकांना जोडली गेली आणि आतली रचना प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवली. ती बाहेरून काढायची युक्ती सापडली १९८०च्या दशकात, संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांच्या ट्रेसरूट या प्रोग्रॅममध्ये. डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो, आणि प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट तिथेच टाकून देतो आणि सहसा पाठवणाऱ्याला तसं कळवतो. पॅकेट जाळ्यात कायमचं फिरत राहू नये, एवढ्यासाठीच हा नियम. जेकबसन यांनी तोच कामाला लावला. टीटीएल १ ठेवला की पहिला राउटर उघड होतो, २ ठेवला की दुसरा. असं करत थेट मुक्कामापर्यंत.

पण एका संगणकावरून दिसते ती एकच वाट. म्हणून सॅन दिएगोच्या कायडा या इंटरनेट-संशोधन संस्थेने १९९८ पासून अनेक ठिकाणांहून अशी मोजणी चालवली. आणि हे तळहातावर मावणारं यंत्र म्हणजे राइप ॲटलास या मोजणी-प्रकल्पाचं प्रोब, अशी मोजमापं घेणारं. २०१० पासून स्वयंसेवक ते आपापल्या नेटवर्कला जोडतात. आज अशी दहा हजारांहून जास्त प्रोब चालू आहेत, आणि त्यांची बहुतेक मोजमापं सगळ्यांसाठी खुली आहेत. आमच्या मते या कामाचा प्राण हा खुलेपणाच.

आता ही आकृती पाहा. इथे दोन ठिपके, म्हणजे दोन आयपी पत्ते (नेटवर्कवरचे आकडी पत्ते) दिसतात, पण राउटर कदाचित एकच असेल, कारण एका राउटरला असे अनेक पत्ते असतात. मग दोन्ही पत्त्यांना आळीपाळीने विचारायचं आणि उत्तरांवरचे ओळख क्रमांक बघायचे. पुष्कळ राउटर सगळ्या पत्त्यांवरच्या उत्तरांना एकाच मोजणीतले क्रमांक देतात. दोन्हींचे क्रमांक एकाच क्रमाने चढत गेले, की दोन ठिपक्यांचा एक ठिपका होतो. किती चिकाटीचं काम आहे हे!

समुद्राखालची केबल तुटल्यावर वाहतूक कुठून वळली, तेही याच नोंदी सांगतात.

बरीचशी प्रोब युरोपात आहेत. बाकीच्या जगाचा नकाशा त्यामानाने विरळ आहे, आणि तिथे प्रोब लावणारी माणसं हवी आहेत. वेगळं यंत्र नसलं तरी चालतं, प्रोबचं सॉफ्टवेअरही मिळतं.