व्यस्त की परस्पर?

रेसिप्रोकल या इंग्रजी शब्दाचे हे दोन अर्थ. व्यस्त म्हणजे एक भागिले अमुक, परस्पर म्हणजे इकडून तिकडे तसंच तिकडून इकडे.

(दृश्य : निफाड तालुका, द्राक्षबाग. मगात बोअरचं पाणी, त्यात पेनाएवढं मीटर.)

बागाईतदार मीटर पाण्यात बुडवतो, जरा ढवळतो, आकडा थांबायची वाट बघतो. १.८. तोंड वाकडं करतो. द्राक्षाला क्षार सोसत नाहीत. मुळांभोवतालच्या मातीची ईसी (वीज वाहण्याची क्षमता, क्षार जास्त तर ती जास्त) १.५ डेसीसीमेन्स प्रतिमीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागतं, आणि असं पाणी देत राहिलं तर माती तिकडेच निघते. क्षार सोसणाऱ्या डॉगरीज खुंटावर कलम करायची पद्धत इथे रुजली त्यामागे हेही एक कारण आहे.

आता मीटरच्या पोटात बघू. दोन इलेक्ट्रोडना व्होल्टेज द्यायचं आणि करंट मोजायचा, काम एवढंच. व्होल्टेजला करंटने भागलं तर ओहम, म्हणजे रोध मिळतो. भागाकार उलटा केला तर सीमेन्स. पाण्यात क्षार वाढले की ओहम उतरतात, सीमेन्स चढतात. क्षार जास्त तर आकडा जास्त, हे बागेत उभ्या माणसाला सोयीचं. शिवाय मीटर एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट वापरतं. डीसी दिला तर आयन इलेक्ट्रोडपाशी साचतात आणि आकडा बिघडतो.

एसी आला की साध्या रोधाऐवजी इम्पीडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा येतो, आणि इम्पीडन्सचा व्यस्त म्हणजे ॲडमिटन्स. दोन्ही नावं ऑलिव्हर हेविसाइडची, १८८६ आणि १८८७ सालची. तारखात्यातली नोकरी सोडून घरी बसलेला, कॉलेजचं तोंड न पाहिलेला हा माणूस. सीमेन्सच्या आधी एककाचं नाव होतं म्हो. ओहमची अक्षरं उलटी, कल्पना लॉर्ड केल्विन यांची. १९७१ मध्ये सीमेन्स अधिकृत झालं. म्हो म्हणताना इंग्रजांची जीभ अडखळत असेल. म्हसरूळच्या माणसाला काय त्याचं?

(दृश्य : सबस्टेशनचं फाटक. कवटी, दोन हाडं, धोक्याची पाटी.)

फाटकावरच्या ‘नो ॲडमिटन्स’ या इंग्रजी पाटीत हाच ॲडमिटन्स भेटतो, पण तिथे त्याचा अर्थ आत पाऊल टाकण्याची मुभा. तिथे आकडा नाही, एकक नाही. कॉलेजात मिळते ती ॲडमिशन, ती आणखी वेगळी. रेसिप्रोकलचंही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर २६ टक्के रेसिप्रोकल टॅरिफ जाहीर केलं, तेव्हा २६ चा व्यस्त काढायला कोणी बसलं नाही. जशास तसे, एवढंच सगळ्यांना कळलं.

बाजारातले आणि वर्गातले अर्थ वेगळे असले तर फारसं बिघडत नाही. पंचाईत होते ती दोन्ही अर्थ एकाच टेबलावर आल्यावर.

(दृश्य : इंजिनिअरिंग कॉलेजची प्रयोगशाळा. लाकडी पाटीवर इंग्रजी टी आकाराची जोडणी.)

डाव्या हाताला १० ओहम, उजव्या हाताला २० ओहम, मधल्या दांड्यात २० ओहम. डावीकडे १० व्होल्ट द्या, उजवीकडची टोकं ॲमीटरने जोडा. ॲमीटर दाखवतो ०.२५ अँपिअर. आता अदलाबदल करा : सप्लाय उजवीकडे, ॲमीटर डावीकडे. पुन्हा ०.२५! पहिल्या खेपेला सप्लायमधून निघणारा करंट ०.५ होता, आता तो ०.३७५ आहे, तरी पलीकडे पोचतो तेवढाच. अशा जोडणीला रेसिप्रोकल म्हणतात. इथे अर्थ परस्पर, देणाऱ्या-घेणाऱ्यांनी जागा बदलल्या तरी हिशेब तोच. एक भागिले अमुक असं यात काही नाही.

विद्यार्थी घसरतात ते याच जागी. या जोडणीचा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारा इम्पीडन्स २० ओहम आहे, मधल्या दांड्याचा. त्याचा व्यस्त ०.०५. पण ॲमीटरवरून निघणारा ॲडमिटन्स ०.२५ भागिले १०, म्हणजे ०.०२५ सीमेन्स. बरोबर निम्मा. (चिन्ह इथे बाजूला ठेवलंय, ते करंटची दिशा कशी धरली त्यावर ठरतं.) कारण दोन्ही बाजूंचे इम्पीडन्स एका तक्त्यात (मॅट्रिक्समध्ये) मांडतात, आणि व्यस्त घ्यायचा तो अख्ख्या तक्त्याचा, तक्त्यातल्या एकेका आकड्याचा नव्हे. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक इथेच, आणि माझ्या मते त्यात निम्मा दोष रेसिप्रोकल या शब्दाचा.

अँप्लिफायर या नियमात बसत नाही. इकडून दिलेला सिग्नल तिकडे मोठा होऊन निघतो. तिकडून दिला तर इकडे जवळपास काहीच येत नाही. तो रेसिप्रोकल नाही, पण त्यालाही ॲडमिटन्स आहेच.

(दृश्य : एकलहरे औष्णिक केंद्र, बाहेर पडणाऱ्या उच्चदाब वाहिन्या.)

एकलहऱ्यात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. इथली वीज ज्या जाळ्यात जाते, त्यात कुठल्या वाहिनीवर किती भार येईल हे काढताना इंजिनिअर ॲडमिटन्सचाच तक्ता धरतात, आडव्या ओळी आणि उभे रकाने दोन्ही सबस्टेशनांचे. ज्या दोन सबस्टेशनांमध्ये थेट वाहिनी नाही, त्यांच्या चौकटीत सरळ शून्य. शेकडो सबस्टेशनांच्या तक्त्यात बहुतेक चौकटी शून्यच असतात, त्यामुळे संगणकाचं काम हलकं होतं. इम्पीडन्सचा तक्ता मांडला तर जवळजवळ प्रत्येक चौकट भरलेली. एरवी या तक्त्याचे दोन्ही अर्धे आरशातल्यासारखे सारखे असतात, जाळं रेसिप्रोकल आहे म्हणून. मध्ये फेज (एसीच्या लाटेची वेळ) सरकवणारा ट्रान्सफॉर्मर बसवला की ते सारखेपण मोडतं, आणि मग दोन्ही अर्धे वेगवेगळे भरावे लागतात.