गुपित किती जणांना ठाऊक

तुम्ही चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले प्रश्न मी चाळले. कुठला फोन घ्यावा, रिंग लाइट केवढा लागतो, महिन्याला किती सुटतात. आणि सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या एकाच प्रश्नाच्या: चेहरा न दाखवता जमेल का? फोन आणि दिव्यांचं मी काही सांगणार नाही, त्याचे व्हिडिओ पैशाला पासरी आहेत. माझा व्यवसाय वकिलीचा, त्यातही कराच्या कागदांचा. सबस्क्रिप्शन घेतलेल्यांना स्वतःचे नग्न किंवा लैंगिक फोटो, व्हिडिओ विकायचे, असं काम सुरू करू पाहणारी गोव्यातली माणसं हल्ली सल्ल्याला येतात, बायकाही आणि पुरुषही. पहिल्या भेटीत मी त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवते आणि म्हणते, हे तुमचं गुपित कोणाकोणाला कळणार आहे त्यांची नावं लिहा. "कोणालाच नाही," असं उत्तर येतं. मग तो कागद आम्ही दोघं मिळून भरतो. आज तोच कागद तुमच्यासमोर भरायचा आहे. हे काम चांगलं की वाईट याचा निवाडा करायला मी आलेले नाही. त्यासाठी प्रत्येक वाड्यावर पुरेशी माणसं आहेत.

पहिलं नाव प्लॅटफॉर्मचं. अशा विक्रीसाठी ओळखली जाणारी साइट म्हणजे ओन्लीफॅन्स, ती २०१६ साली लंडनमधून सुरू झाली. तिथे खातं काढताना टोपणनाव चालतं, पण ते ग्राहकांपुरतं. कंपनीला तुमचं सरकारी ओळखपत्र लागतं, ते ओळखपत्र आणि चेहरा एकाच माणसाचा आहे हे दाखवणारा फोटो लागतो, तुमच्याच नावाचं बँक खातं लागतं. वय अठरा पूर्ण हवं, यात कुठेही सूट नाही. व्हिडिओत तुमच्यासोबत दुसरं कोणी दिसत असेल, मग तो नवरा का असेना, त्याचंही ओळखपत्र आणि लेखी संमती द्यावी लागते. हा कडकपणा बराचसा कार्ड कंपन्यांमुळे आलेला आहे. मास्टरकार्डने ऑक्टोबर २०२१ पासून अशा साइट्सना सांगितलं की चित्रात दिसणाऱ्या आणि चित्र चढवणाऱ्या प्रत्येकाचं वय आणि ओळख कागदोपत्री तपासलेली हवी. त्याच वर्षी १९ ऑगस्टला ओन्लीफॅन्सने जाहीर केलं होतं की उघड लैंगिक मजकूर आता बंद, आणि कारण दिलं बँकांचं. क्रिएटर, म्हणजे तिथे फोटो-व्हिडिओ विकणारे, खवळले, आणि २५ ऑगस्टला निर्णय मागे घेतला गेला. ज्यांचं घर त्या पैशावर चाललं होतं त्यांनी तो आठवडा कसा काढला असेल! दुकान तुमचं असलं तरी किल्ली बँकेकडे आहे, एवढं त्यातून लक्षात घ्या.

आता कायदा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण "पैसे भरल्याशिवाय दिसत नाही, म्हणजे ते खासगीच झालं ना?" असं मला सुशिक्षित माणसं विचारतात. नाही झालं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध करण्याबद्दल किंवा पाठवण्याबद्दल आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. ६७-ए हे उघड लैंगिक कृतीच्या चित्रणाबद्दल. तिथे पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद, दहा लाखांपर्यंत दंड. दोन्हींत शब्द आहे "जो कोणी". स्वतःचंच चित्र आहे, स्वतःच्या मर्जीने काढलंय, बघणाऱ्यानेही मर्जीने पैसे मोजलेत, यातली एकही गोष्ट त्या कलमात बचाव म्हणून लिहिलेली नाही. आणि दोन कलमांतला व्यवहारातला फरक असा, की पहिल्या गुन्ह्यात ६७ जामीनपात्र आहे, ६७-ए नाही. म्हणजे एकात पोलीस ठाण्यातून घरी येता, दुसऱ्यात कोर्टाची वाट बघत बसता.

मग अश्लील कशाला म्हणायचं? २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवली आणि समाजाची आजची मानकं बघायला सांगितलं. नुसतं नग्न चित्र आहे म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही, संपूर्ण संदर्भ बघावा लागतो. म्हणून अंतर्वस्त्रांतले फोटो, बुदुआर पद्धतीची, म्हणजे शयनगृहातली सूचक छायाचित्रं, फिटनेस, आवाजातल्या कथा यांची बाजू कोर्टात मांडता येते. कृती दाखवणाऱ्या व्हिडिओची मांडायची तर माझ्याकडे फारसं काही उरत नाही. देशात हजारो जण हे करतात आणि बहुतेकांच्या दारात पोलीस येत नाहीत, हे खरं आहे. पण येतात तेव्हा बहुधा कोणीतरी तक्रार केलेली असते, आणि गोव्यात तक्रार करणाऱ्यांचा तुटवडा नाही.

नोव्हेंबर २०२० आठवा. काणकोणच्या चापोली धरणावर एका अभिनेत्रीचं चित्रीकरण झालं. व्हिडिओ फिरला, लोक रस्त्यावर उतरले, गुन्हा नोंद झाला, अटक झाली, जामीन झाला, आणि तिथल्या पोलीस निरीक्षकालाही निलंबित करावं लागलं. त्याच महिन्यात किनाऱ्यावर नग्न धावतानाचा फोटो टाकला म्हणून एका मॉडेल-अभिनेत्यावरही गुन्हा नोंदला गेला. दोघंही प्रसिद्ध, मुंबईला परत जाऊ शकणारी. तुम्ही कुठे परत जाणार? तेव्हा धरण, किल्ला, किनारा, देवळाची तळी, पंचायतीची जागा यांच्या आसपास कॅमेरा काढू नका. भाड्याच्या व्हिलात काढणार असाल तर मालकाला विचारा. हो, त्याचंही नाव कागदावर लिहा.

कागदावर आता कोण आलं? कंपनी, बँक, घरमालक, नशीब फुटकं असलं तर पोलीस. पुढचं नाव ऐकून समोर बसलेल्या विवाहित मंडळींचा चेहरा बदलतो, म्हणून मी ते सावकाश सांगते. नवरा. किंवा बायको.

आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज नागरी कायदा चालतो हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती दोघांची, म्हणूनच जमीन विकताना दोघांच्या सह्या लागतात. पण हेच तत्त्व आयकरात शिरलेलं आहे हे किती जणांना माहीत आहे? १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५-ए घातलं गेलं ते याचसाठी. या नागरी कायद्याखाली येणाऱ्या जोडप्याचं पगार सोडून इतर उत्पन्न निम्मं निम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं. ओन्लीफॅन्सचा पैसा पगार नाही. समजा बाईने वर्षात सहा लाख मिळवले, तर तीन तिच्या विवरणात आणि तीन नवऱ्याच्या. विवरणपत्रात त्यासाठी वेगळा तक्ता आहे, त्यात जोडीदाराचं नाव आणि पॅन भरायचा असतो. पुण्यातली बाई नवऱ्याच्या नकळत हे उत्पन्न दाखवून कर भरू शकेल. फोंड्यातल्या बाईला ती सोय नाही. मी हे सांगितल्यावर एकदा समोरचे गृहस्थ बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले होते.

"मग दाखवायचंच नाही," असं कोणी म्हणेल. परदेशातून डॉलर येतात तेव्हा बँक विचारते की हे कशाचे. शाखेतला कारकून तुमच्या मावसभावाच्या वर्गातला असतो, हे गोव्यात गृहीत धरायचं. उत्पन्न कायदेशीर असो वा नसो, कर लागतोच, आणि लपवलं तर वर दंड. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी येते. त्या पोर्टलवर नोंदणी असलेल्याचं खरं नाव आणि व्यवसायाचा पत्ता कोणालाही शोधता येतो. घरचाच पत्ता दिलात तर घरचाच दिसेल. हा निर्णय सनदी लेखापालाला विचारून आधी घ्या, नंतर बदलणं कटकटीचं असतं.

आणि सरकारी नोकरी. गोव्यात घरटी एक सरकारी नोकर असतो म्हणतात ते फारसं खोटं नाही. १९६४ च्या आचरण नियमांत आहे की कर्मचाऱ्याला स्वतःला परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, आणि कुटुंबातलं कोणी व्यापार-धंदा करत असेल तर ते सरकारला कळवायचं. तेव्हा नवरा सरकारी खात्यात असेल तर त्याच्या साहेबाचं नाव तुमच्या कागदावर पेन्सिलीने तरी लिहून ठेवा. (हशा)

आता चिठ्ठ्यांतला तो चेहऱ्याचा प्रश्न. चेहरा झाकता येतो, त्यावर चालणारी खातीही आहेत. पण गोवा केवढा? माणूस चेहऱ्यावरूनच ओळखू येतो असं थोडंच आहे. पायाखालच्या जुन्या लाद्या, खिडकीचं शिंपल्यांचं तावदान, भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या पतसंस्थेचं, चवथीला माटोळी बांधतात त्या आढ्याचा कोपरा, हातावरचं गोंदण, मानेवरचा तीळ. पैसे देणारा ग्राहक बहुधा अमेरिकेतला असतो, आणि तिकडच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच असतात. त्या वेळी रेकॉर्डिंग करा, पाठीमागे पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा ऐकू येईल. तेवढ्यावरून निदान राज्य तरी कळतं. साधी भिंत, साधी चादर, बंद खिडकी. फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद राहते, ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून बंद करा. या कामाचा ईमेल वेगळा, फोन नंबर वेगळा, नाहीतर इन्स्टाग्राम तुमच्या नणंदेला ते खातं "ओळखीचं" म्हणून सुचवेल. भारतातल्या लोकांना पान दिसू नये अशी सोय प्लॅटफॉर्मवर आहे, ती लावा. पण व्हीपीएन वापरून आपला देश लपवणाऱ्याला ती अडवत नाही. आणि स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्याला काहीच अडवत नाही.

कमाईबद्दल फार बोलत नाही. कंपनी २० टक्के ठेवते, तुम्हाला ८० देते, सबस्क्रिप्शनची किंमत महिन्याला ४.९९ ते ४९.९९ डॉलर ठेवता येते. मोजकी माणसं खूप कमावतात, बाकीच्यांना किरकोळ मिळतं. प्लॅटफॉर्म स्वतः गिऱ्हाईक आणून देत नाही, ते एक्स, रेडिट, इन्स्टाग्रामवरून तुम्ही ओढून आणायचं. पैसा सबस्क्रिप्शनपेक्षा चॅटमध्ये, वेगळ्या किमतीला पाठवलेल्या व्हिडिओंमध्ये आणि ग्राहकाने खुशीने दिलेल्या टिपांमध्ये असतो. थोडक्यात हे रात्रपाळीचं गप्पांचं काम आहे, मधूनमधून कॅमेरा.

त्यामुळेच मॅनेजर उगवतात. "तुम्ही फक्त व्हिडिओ द्या, चॅट आम्ही बघतो, निम्मे आमचे." खात्याचा पासवर्ड, ओळखपत्राची प्रत आणि न कापलेले व्हिडिओ त्यांच्या हातात गेले की पुढे त्यांची मर्जी. कोणी ओळखपत्र ठेवून घेतलं, काम सोडायचं म्हटल्यावर घरी दाखवण्याची धमकी दिली, तर ती खंडणी आहे, थेट पोलिसांत जा. माझं मत विचाराल तर सुरुवातीला मॅनेजर नकोच. पासवर्ड कोणालाही देऊ नका, ज्याच्याशी लग्न ठरलंय त्यालाही.

मागून एका बाईंनी विचारलंय, फुटलंच तर? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही कधीच विकायला न ठेवलेलं, खासगी चित्र कोणी पसरवलं असेल तर त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तुमची तक्रार आल्यावर असं चित्र उतरवायला कंपन्यांना सुरुवातीला २४ तासांची मुदत घातली होती. रायबंदरला सायबर पोलीस ठाणं आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार होते. स्टॉपएनसीआयआय नावाची सोय आहे. तिथे चित्र चढवावं लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून चित्र अडवतात.

दुसरी गोष्ट, विकायला ठेवलेला व्हिडिओ कोणी फुकट साइटवर टाकला. पोलिसांत गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल, कलम ६७-एचा. म्हणून तिथे कॉपीराइटचा रस्ता धरायचा, अमेरिकी कायद्याखालची काढून टाकण्याची नोटीस. ती नोटीस देताना हक्कदाराचं नाव आणि संपर्क लिहावा लागतो, आणि ती पुष्कळदा ज्याने चोरलं त्यालाच पुढे पाठवली जाते. म्हणजे चोराला तुमचं नाव तुम्हीच कळवता. यावर उपाय आहे. नोटीस तुमच्या वतीने अधिकृत प्रतिनिधीला, वकिलाला किंवा हेच काम करणाऱ्या सेवेला देता येते. प्लॅटफॉर्मही स्वतःच्या क्रिएटरसाठी अशा नोटिसा पाठवतो, त्याची विनंती खात्यातून करायची. प्रत्येक व्हिडिओवर मधोमध खात्याच्या टोपणनावाचा वॉटरमार्क ठेवा आणि मूळ फाइल जपा, म्हणजे मालकी दाखवताना ते कामी येतं. पहिला व्हिडिओ चढवायच्या आधी त्या प्रतिनिधीचं अधिकारपत्र करून ठेवा. अर्ध्या पानाचं असतं.